मागील तिमाहीप्रमाणे

कचेरीत त्याला सगळे ‘पुढेचालू’ म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. चौतीस वर्षं तो आकडेवारीच्या कचेरीत होता, आणि मागील पानावरून पुढे चालू, हाच त्याच्या नोकरीचा आणि आता आयुष्याचाही खाक्या होता. या नावाचा त्याला राग येत नसे. राग यायला थोडी धुगधुगी लागते, ती बायको गेल्यापासून त्याच्यात उरली नव्हती.

हा माणूस करायचा काय, ते आधी सांगायला हवं, कारण त्याच्या घरच्यांनाही ते कधी धड कळलं नाही. दर तीन महिन्यांनी टीव्हीवर एक मंत्री येतो, घसा खाकरतो आणि देश एवढे एवढे टक्के वाढला असं सांगून जातो. तो जीडीपीचा आकडा. तीन महिन्यांत देशात जे जे बनलं, जे कुणी पैसे घेऊन कुणासाठी केलं, त्या सगळ्याची एकच एक बेरीज. लोकांना वाटतं हा आकडा कुठल्या तरी मोठ्या यंत्रातून बाहेर पडत असेल. त्यातला निदान एक तुकडा तरी दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीतून पडायचा. तिथे सहा टेबलं होती, चार माणसं होती आणि एकाच वेगाने फिरणारा एक पंखा होता. खिडकीजवळचं टेबल पुढेचालूचं. लहान कारखाने त्याच्याकडे.

दर तिमाहीला चारशे बारा कारखान्यांकडून फॉर्म यायचे. म्हणजे यायला हवेत अशी अपेक्षा असायची. फॉर्मवर कारखान्याचं नाव नसे. धंद्याची गुपितं फुटू नयेत म्हणून नुसता क्रमांक आणि फोन. कुठला क्रमांक कुणाचा ही यादी विभागप्रमुख बाईंच्या कपाटात, कुलपात. लहान कारखाने देशात हजारोंनी, प्रत्येकाला विचारत बसलं तर तिमाही संपायचीच नाही. म्हणून दहांतला एक यादीत घ्यायचा आणि त्याच्या आकड्याला दहाने गुणायचं. एक बोलला की दहा बोलले असं धरायचं. सरकार असं पुष्कळ काही धरून चालतं.

फॉर्म आला नाही तर फोन करायचा. तीन दिवस, रोज दोनदा, सकाळी अकराला आणि दुपारी चारला, वीस घंट्या होईपर्यंत. वीसच का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं; ज्याने ठरवलं तो कधीच निवृत्त झाला होता. फोन उचलला गेला नाही तर मागच्या तिमाहीचा आकडा घ्यायचा, तो धंदा सरासरी जितका वाढला असेल तितका त्याला फुगवायचा आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं, ‘मागील तिमाहीप्रमाणे’. हे दोनदाच चालतं. तिसऱ्या वेळी उठून जायचं आणि कारखाना जागेवर आहे का ते डोळ्यांनी बघायचं, असा नियम. पण मध्यंतरी प्रवासखर्च बंद झाला, दोन टेबलं रिकामी झाली, आणि नियम छापील पुस्तकात गुमान पडून राहिला. पुढेचालू तिसऱ्यांदाही तेच लिहू लागला, चौथ्यांदाही. त्याचं अक्षर सुरेख होतं, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

घरीही वेगळं काही नव्हतं. बायको जाऊन दोन वर्षं होत आली होती, तरी दूधवाला दाराशी एक लिटर ठेवून जाई. दोघांना लिटर लागायचं. एकट्याला अर्धंही पुरून उरतं. अर्धं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून तो उरलेलं दूध रोज संध्याकाळी मोरीत ओतून देई. ओतताना त्याला काही वाटत नसे. काहीतरी वाटायला हवं, एवढं मात्र कळे.

रविवारी तो ताईकडे जेवायला जाई. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा तिनेच त्याला वाढवलं, शाळेत घातलं, परीक्षेला पेन्सिली टोकदार करून दिल्या. आता साठी उलटली तरी त्याच्या ताटाकडे बघूनच ती स्वतः वाढून घेई. तिचे यजमान, म्हणजे भावोजी, औषधाच्या बाटल्या बनवणाऱ्या काचेच्या कारखान्यात भट्टीवरचे फोरमन. अठ्ठावीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून त्यांचा चेहरा भाजक्या विटेच्या रंगाचा झाला होता. कारखाना पंधरा महिन्यांपूर्वी बंद पडला. मालक एका शुक्रवारी दोनशे बारा माणसांना ‘सोमवारी बघू’ म्हणाला आणि गेला तो गेलाच.

भावोजी अजूनही रोज सकाळी डबा घेऊन निघत. फाटकाबाहेर दहाबारा जण बाटल्यांचे रिकामे क्रेट उलटे घालून बसत, आणि संध्याकाळ झाली की उठून घरी येत. आत कुणालाच जाता येत नसे. फाटकाला साखळी होती.

“काय सरकार, किती वाढला देश?” भावोजींचा हा दर रविवारचा विनोद.

“दीड टक्का,” पुढेचालू म्हणाला.

“वा! मग आमचा वाटा कुठे अडकला? तुझ्या खिशात बघ जरा.”

ताई हसली नाही. तिने हात पुसले, फडताळातून एक पाकीट काढलं आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

“हे वाच,” ती म्हणाली. “तुझ्याच कचेरीच्या भाषेत आहे. मला काही कळत नाही.”

पत्र मदतीच्या अर्जाबद्दल होतं. बंद कारखान्यांतल्या कामगारांना सरकार वर्षभर अर्धा पगार देणार होतं, पण तो धंदा देशभरात दहा टक्क्यांहून जास्त घसरलेला असेल तरच. उत्तर दोन ओळींचं होतं. काचसामानाचं उत्पादन गेल्या वर्षात दोन टक्क्यांनी वाढलेलं असल्याने अर्ज विचारात घेता येत नाही. आकडा सुधारला गेला तर आणि तरच, या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत, फेरविचार होईल.

“वाढलंय म्हणे,” ताई म्हणाली. “कुठे वाढलंय रे? यांचा बंद. त्या पलीकडच्या पुलाजवळचाही बंद. हा आकडा कुणी लिहिला ते बघ ना तुझ्या ओळखीत. पुढच्या महिन्यात घरमालक दुसरा भाडेकरू आणतोय. मग आम्ही पोरीकडे, तिच्या मागच्या खोलीत. तिथे यांचं काय होईल ते मला माहीत आहे. हे आठ दिवसांत झुरून मरतील.”

“मी इथेच बसलोय,” भावोजी म्हणाले. “मेलो नाही अजून. आणि अर्ज गेला खड्ड्यात. कारखाना सुरू होणार आहे.”

“झालं सुरू,” ताई म्हणाली.

“अगं, कुणीतरी घेणारा आहे! उगाच का फोन येतोय?” भावोजी मेव्हण्याकडे वळले. “आत ऑफिसात फोन वाजतो. वीज तोडली, पाणी तोडलं, फोन तेवढा तोडायचे विसरले. रोज नाही वाजत. दर तीन महिन्यांनी तीन दिवस. सकाळी अकराला आणि दुपारी चारला. कसा चिवट माणूस आहे बघ. सोडतच नाही. वीस घंट्या देतो. मी मोजल्यात. ज्याला गरज नाही तो पाचव्या घंटीला ठेवतो रे. हा पैसेवाला आहे, आणि याला कारखाना हवाय. म्हणून तर आम्ही तिथे बसतो. एक दिवस तो स्वतः येईल, तेव्हा फाटकाशी कुणी नको?”

पुढेचालूने घास तोंडात घातला, चावला आणि गिळला. त्याला चव लागली नाही, पण ती तशीही दोन वर्षं लागत नव्हती. वीस घंट्या. अकरा आणि चार. त्याने पाण्याचा पेला उचलला, तर तो रिकामा होता, आणि रिकाम्या पेल्यातूनच तो प्याला.

“ताप आहे का तुला?” ताईने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “बघतो मी पत्राचं.”

सोमवारी त्याने आपलं रजिस्टर उघडलं. काचसामान या मथळ्याखाली फॉर्म न पाठवणारा एकच क्रमांक होता, ४११७. पाच तिमाह्या. पाचही ओळींपुढे त्याच्या सुरेख अक्षरात तोच शेरा. आणि आकडा दर वेळी जरासा चढलेला, कारण बाकीचे उरलेसुरले कारखाने जरासे चढत होते. कागदावर ४११७ बंद पडल्यापासून जितका छान चालला होता तितका चालू असताना कधीच चालला नव्हता. वर त्याला दहाने गुणलेलं. भट्टी थंडगार, फाटकाला साखळी, आणि देशात दहा कारखान्यांच्या बाटल्या भराभर तयार होत होत्या.

हे त्याच्या आधी लक्षात कसं आलं नाही, असं कुणीही विचारेल. भावोजींचा कारखाना बंद आहे हे त्याला माहीत होतं. ४११७ फोन उचलत नाही हेही त्याला माहीत होतं. पण पहिलं त्याला रविवारी माहीत असायचं आणि दुसरं सोमवार ते शुक्रवार. दोन्हींची गाठ पडेल असा वारच आठवड्यात नव्हता. पूर्वी ती गाठ बायको घालून द्यायची. ‘अहो, तुमच्या त्या भावोजींच्या कारखान्याचा फॉर्म तुमच्याकडेच येत असेल ना?’ असं ती पोळीला तूप लावता लावता सहज विचारून गेली असती.

तो विभागप्रमुख बाईंकडे गेला. बाई वयाने त्याच्या निम्म्या, हुशार, आणि त्याला काका म्हणणाऱ्या. त्याने रजिस्टर पुढे ठेवलं आणि जे होतं ते सांगितलं. बाईंनी कपाट उघडलं, यादीवर बोट फिरवलं आणि एका ठिकाणी थांबल्या.

“काका, तुम्ही म्हणता तोच आहे. औषधाच्या बाटल्या.” त्यांनी पत्ता वाचला. भावोजींचं फाटक.

“मग शून्य घाला,” तो म्हणाला.

“असं कसं घालू? तुम्ही म्हणता म्हणून? शिवाय तुमच्या घरचं माणूस आहे त्यात.” बाईंनी दार लोटून घेतलं. “आणि काका, पाच तिमाह्या नियम मोडलाय. चौकशी लागेल. चार महिने राहिलेत तुमचे. पेन्शन अडकली तर?”

“अडकू दे.”

त्याच्या आवाजात धैर्य नव्हतं. धैर्याला भीती लागते, आणि तीही त्याच्याकडे नव्हती. बाईंना मात्र ते धैर्यच वाटलं, आणि त्या जरा नरमल्या.

“ऐका. पद्धत आहे. तिसऱ्या वेळी जायला हवं होतं, ते आता जा. सोबत आपला शिपाई न्या साक्षीला. जागेवरच्या जबाबदार माणसाची सही आणा. मालक, मॅनेजर, नाहीतर फोरमन. फॉर्मवर तीन पर्याय आहेत. चालू, तात्पुरता बंद, कायमचा बंद. तिसऱ्यावर खूण असेल तर शून्य, आणि पाचही तिमाह्या मी सुधारते. दुसऱ्यावर असेल तर माझे हात बांधलेले आहेत. मग आहे तेच.”

“मागील तिमाहीप्रमाणे.”

“हो,” बाई म्हणाल्या.

एकोणतीस तारखेला दुपारी तो आणि शिपाई बसमधून उतरले. कारखान्याची भिंत लांबलचक, वर काचांचे तुकडे रोवलेले. निदान तेवढा माल तरी शिल्लक होता. फाटकाशी दहाबारा जण क्रेटांवर बसले होते. कुणी पेपर वाचत होता, कुणी चपलेचा अंगठा शिवत होता. मेव्हण्याला बघून भावोजी उठले आणि ओरडले, “अरे, सरकार आलं! उठा रे सगळे!”

सगळे हसले आणि खरंच उठले. त्याला एक क्रेट देण्यात आला. त्याने फॉर्म मांडीवर ठेवला आणि तीन पर्याय वाचून दाखवले. तिसऱ्यावर खूण आणि खाली सही, की उद्या आकडा बदलतो आणि दोनशे बारा जणांचे अर्ज पुन्हा उघडतात, हेही सांगितलं.

“दुसऱ्यावर करू,” भावोजी म्हणाले.

“दुसऱ्याने काही होत नाही.”

“कायमचा बंद असं मी लिहून देऊ? मी?” भावोजींचा आवाज खाली आला. “अठ्ठावीस वर्षं ती भट्टी एक रात्र विझू दिली नाही मी. विझली की आतला रस आतच गोठतो, आणि मग भट्टी फोडूनच काढावी लागते. ती गोठली आहे, ते मला कळत नाही का? पण नवा माणूस आला तर नवी बांधेल. आणि तो यायचाय. त्याने ऐकलं की फोरमननेच कायमचा बंद म्हणून सही दिली, तर तो कशाला येईल?”

“कोण यायचाय?”

“फोनवाला.”

चप्पल शिवणाऱ्याने मान हलवली. पेपरवाल्यानेही. पुढेचालूला दिसलं की इथे एकट्या भावोजींचा प्रश्न नाही. हे सगळेच जण त्या फोनवर जगतायत. काय बोलायचं ते त्याने बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एकच वाक्य तोंडातून बाहेर पडलं.

“भावोजी, तो फोन मी करत होतो.”

भावोजींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग ते खदखदून हसले. “तू? अरे, तू दोन वर्षांत कधी तुझ्या बहिणीला फोन केला नाहीस. मागे ती पाय मोडून पडली होती, तेव्हासुद्धा रविवारीच उगवलास. तू कसला वीस घंट्या देतोस!”

हे खरं होतं. त्याने फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यातला नंबर पाहिला, खिशातून मोबाइल काढला आणि लावला.

भिंतीपलीकडे, साखळीच्या आत, फोन वाजला.

दहाबारा माना एकदम वर झाल्या. पेपरवाला अर्धवट उभा राहिला. एकाने शर्टाची वरची गुंडी लावली. आत फोन वाजत होता, रिकाम्या खोलीत वाजतो तसा, जास्त मोठ्याने. पुढेचालूने बटण दाबलं. फोन थांबला. त्याने पुन्हा लावला. पुन्हा वाजला. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा थांबला.

ज्याने गुंडी लावली होती तो ती तशीच धरून उभा राहिला. शिपाई दुसरीकडे बघू लागला. पुढेचालूच्या छातीत काहीतरी हललं; दोन वर्षांत पहिल्यांदाच. ते दुखणं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं. त्याच्या लक्षात आलं की पाच तिमाह्या तो ज्यांना हाका मारत होता ती माणसं दर वेळी इथे, याच क्रेटांवर, त्याचीच वाट बघत बसली होती.

भावोजी खाली बसले. म्हणाले, “परत लाव.”

“भावोजी...”

“लाव रे. आणि या वेळी मध्येच तोडू नकोस. वीस होऊ दे.”

त्याने लावला. सगळे ऐकत राहिले. भावोजींचे ओठ हलत होते. सात, आठ, नऊ. चौदाला चप्पल शिवणाऱ्याने सुई खाली ठेवली. वीस झाल्या तसा पुढेचालूने फोन खिशात टाकला. भावोजींनी हात पुढे केला, पेन घेतलं, तिसऱ्यावर खूण केली आणि खाली पूर्ण नाव लिहून सही केली. फोरमनची सही होती, मोठी आणि ठसठशीत.

“काय सरकार,” पेन परत देताना ते म्हणाले, “आता किती कमी झाला देश?”

त्याने बसमध्ये हिशेब केला होता. काचसामान चौदा टक्क्यांनी घसरणार होतं. देशाच्या आकड्यात दशांशचिन्हानंतर तीन घरं सोडून काहीतरी हललं असतं, आणि छापताना एकच घर छापतात.

“दिसण्याइतका नाही,” तो म्हणाला.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. तीस तारखेला आकडा सुधारला गेला, अर्ज पुन्हा उघडले, ते पत्र बघून घरमालक थांबला, दोन महिन्यांनी अर्धा पगार सुरू झाला आणि ताईचं घर राहिलं. पुढेचालूच्या फायलीत एक ताशेरा आला, पेन्शन सहा महिने रखडली. त्याने दूधवाल्याला अर्धा लिटर सांगितलं. मंत्र्यांनी टीव्हीवर दीड टक्काच वाचला. पण त्या दुपारी फाटकाशी एवढंच झालं की भावोजींनी डबा उचलला, आणि बाकीच्यांनी क्रेट एकावर एक रचून भिंतीला लावून ठेवले. चार वाजायला अजून वीस मिनिटं होती. तरी सगळे घरी गेले.